सेल नावाची खोली

अंदमानातला तुरुंग सेल्युलर आणि खिशातला फोनही सेल्युलर. एकाची उभारणी माणसाचा माणसाशी असलेला संबंध तोडण्यासाठी झाली, दुसऱ्याची तो जोडण्यासाठी. तरी इंग्रजीत दोघांना एकच विशेषण लागतं आणि दोन्हीकडे ते चपखल बसतं. कारण दोन्हीकडे युक्ती एकच आहे. मोठी जागा घ्यायची, तिचे लहान लहान भाग पाडायचे आणि एका भागातून शेजारच्या भागात काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं हे ठरवायचं. अशा एकेका भागाला इंग्रजीत 'सेल' म्हणतात.

हा शब्द मराठी माणसाच्या तोंडीही दिवसातून दोनचारदा येतो. टॉर्चमध्ये आपण सेल घालतो. रक्ततपासणीच्या अहवालात रेड ब्लड सेल वाचतो. बारावीनंतर सीईटी सेलच्या यादीकडे डोळे लावून बसतो. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली की सायबर सेलकडे धावतो. साड्यांचा सेल तेवढा यात येत नाही. तो विक्री या अर्थाचा निराळा शब्द आहे, मराठीत उच्चार जुळला इतकंच.

मुळात ही रोमन लोकांची कोठीची खोली. लॅटिनमधला 'केल्ला' म्हणजे धान्य, तेल, दारूचे रांजण ठेवायची लहान जागा. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांनाही रोमन लोक तेच म्हणत, आणि देवळातली मूर्तीची खोलीही 'केल्ला'च. आपल्याकडच्या मंदिरांवर इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक गाभाऱ्यासाठी आजही हा शब्द वापरतात. ख्रिस्ती साधू एकांतात राहू लागले तेव्हा त्यांच्या खोल्यांनाही हेच नाव मिळालं. १०८४ मध्ये संत ब्रूनोने फ्रान्सच्या डोंगरात जो मठ सुरू केला, त्या परंपरेतले साधू दिवसाचा बहुतेक वेळ आपापल्या सेलमध्ये एकटे काढतात. जेवण भिंतीतल्या झरोक्यातून आत सरकवलं जातं.

भिक्खूंच्या खोल्यांची सोय आपल्या सह्याद्रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात मधल्या चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना बारा खोल्या आहेत आणि त्यांत निजायचे दगडी ओटे कोरलेले आहेत. पुरातत्त्वाच्या इंग्रजी पुस्तकांत या खोल्या 'सेल' म्हणूनच मोजल्या जातात. मला जास्त मोलाची वाटते ती नाशिकच्या पांडवलेण्यांतली एक नोंद. तिथल्या दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीतला लहानसा प्राकृत लेख आहे. क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने ही खोली दान दिली, असं तो सांगतो. खोलीसाठी लेखातला शब्द आहे 'ओवरक'. इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी त्याचं भाषांतर केलं 'सेल'. देवळाभोवतीच्या ज्या ओवऱ्यांत आपण सावलीला टेकतो, त्या ओवरीचं कूळ याच ओवरकाशी जाऊन पोचतं. म्हणजे 'सेल'ला मराठी शब्द हवाच असेल तर तो अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात कोरून ठेवलेला आहे.

साधूची ही खोली कैद्याच्या वाट्याला आली ती सद्हेतूने. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांना फटके आणि फाशी नकोशी झाली होती. माणसाला एकटं ठेवलं, हाती बायबल दिलं, तर तो अंतर्मुख होईल, पश्चात्ताप करील, सुधारेल अशी त्यांची श्रद्धा होती. १८२९ मध्ये तिथे जो तुरुंग सुरू झाला, त्यात प्रत्येक कैद्याला स्वतंत्र खोली आणि छतात उजेडापुरतं एक भोक होतं. लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगाने १८४२ मध्ये हीच पद्धत उचलली. फिरायला बाहेर काढतानाही तिथे कैद्यांचे चेहरे झाकत, म्हणजे कोणी कोणाला ओळखायला नको. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा तुरुंग पाहून आलेल्या चार्ल्स डिकन्सने, हा मनाचा छळ अंगावरच्या कुठल्याही छळापेक्षा वाईट आहे, असं ठणकावून लिहिलं. मला डिकन्सचं पूर्ण पटतं. साधूच्या खोलीची कडी आतून असते. कडी बाहेर गेली की तीच खोली वेगळी वस्तू होते.

अंदमानला ही कडी बाहेर नेण्याची कला कळसाला पोचली. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या अधिकाऱ्यांनी काळ्या पाण्याची पाहणी केली. कैद्याला आल्या आल्या कडक एकांतवासात ठेवावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि १९०६ मध्ये तुरुंग उभा राहिला. मध्ये एक मनोरा, त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तिमजली इमारती आणि त्यांत मिळून सातशेला थोड्या कमी कोठड्या. बराक एकही नाही. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र सेल, म्हणून नाव सेल्युलर. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे आहे, त्यामुळे गजांतून समोरच्या कोठडीतला माणूस दिसायची शक्यताच उरत नाही. मागच्या भिंतीत झरोका आहे तो दहा फुटांच्या आसपास उंचीवर. तिथे गेल्यावर दाराचा अडसर जरूर बघावा. लांब लोखंडी दांडा दारापासून बाजूला जातो आणि भिंतीत खोल कोरलेल्या कोनाड्यात त्याचं कुलूप बसतं. गजांतून हात कितीही लांबवला तरी तो कुलपापर्यंत पोचत नाही. दाराच्या या एका तपशिलावर कुणीतरी किती विचार खर्च केला असेल!

१९११ मध्ये विनायक दामोदर सावरकरांना इथे आणलं, तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. एका आवारात राहूनही भावांना भेट दुरापास्त होती. सावरकरांचं 'माझी जन्मठेप' वाचताना कोलूचं, म्हणजे कैद्यांना जुंपत त्या तेलघाण्याचं, वर्णन अंगावर येतं खरं, पण माणसाचा आवाज ऐकण्यासाठीची तडफड त्याहून जास्त बोचते. आता सातांपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.

विज्ञानात हा शब्द आला तो रॉबर्ट हूक यांच्यामुळे. हूक लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याच्या कामावर होते. धारदार चाकूने त्यांनी बुचाचा पातळ काप काढला, काप पांढुरका म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पोळ्यासारखी पोकळ घरं दिसली. १६६५ मध्ये छापलेल्या 'मायक्रोग्राफिया'त त्यांनी त्यांना 'सेल' म्हटलं आणि हिशेबही मांडला: एका घन इंचात १२० कोटींहून अधिक घरं! बूच इतकं हलकं का, पाण्यावर का तरंगतं, दाबलं तर का दबतं, याचं उत्तर त्यांना त्या पोकळ घरांत सापडलं.

हूक यांनी पाहिलं ते मेलेलं बूच होतं. आतला जीव केव्हाच निघून गेलेला, उरल्या होत्या भिंती. रिकाम्या घराला दिलेलं नाव पुढे भरल्या घराला चिकटलं. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी पेशीच्या आतल्या केंद्रकाकडे लक्ष वेधलं. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांविषयी सांगितलं की सगळे जीव या घटकांचेच बनलेले आहेत. प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींसारखी भिंत नसतेच, नाव मात्र खोलीचंच राहिलं. पुढे फिर्को यांनी प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते हे सूत्र रुजवलं, आणि निर्जीव चिखलातून जीव उपजतात या जुन्या समजुतीचा पाया आणखी खचला.

मराठीने इथे 'पेशी' निवडला. मूळ संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी सांगितल्या त्या याच अर्थाने. हिंदीत आजही मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि सेलला तिथे कोशिका म्हणतात. हिंदी पुस्तकातून जीवशास्त्र वाचणारं मराठी मूल इथे हमखास अडखळतं. तरी मला पेशी हा शब्द आवडतो. त्यात रिकाम्या खोलीचा भास नाही. काहीतरी भरीव, जिवंत हाताला लागतं.

पेशी केवढी असते? माणसाच्या तांबड्या रक्तपेशीचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. उलट कोंबडीच्या अंड्यातला अख्खा पिवळा बलक म्हणजे एकच पेशी. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या मज्जापेशीचा धागा मीटरभर लांब असतो. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा अलीकडचा अंदाज आहे आणि त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक तांबड्या रक्तपेशी आहेत.

पेशीभोवतीचं पटल इतकं पातळ असतं की तशी एक लाख पटलं एकावर एक रचली तर जाडी मिलिमीटरच्या आसपास भरेल. मेदाच्या दोन थरांचं हे आवरण आणि त्यात रोवलेली प्रथिनांची दारं. पाण्यासाठी वेगळं दार, सोडियमसाठी वेगळं, साखरेसाठी वेगळं. पाण्याचं दार शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या दारांचं काम लोणचं घालताना डोळ्यांनी दिसतं. कैरीच्या फोडी कोरड्या पुसून मीठ-हळद लावून ठेवल्या की तासा-दोन तासांत तळाशी पाणी जमतं. बाहेर मिठाचं प्रमाण वाढलं म्हणून पेशींमधलं पाणी पटलातून बाहेर धावतं. मिठाला आत शिरायला पटल सहजी वाट देत नाही. फोडी आक्रसतात, सुरकुततात. पण काही दिवस गेले की पेशी मरतात, दारावर पहारा द्यायला कोणी उरत नाही आणि मीठ-मसाला थेट आत झिरपतो. तेव्हा आपण म्हणतो, लोणचं मुरलं. शिवाय फोडीवर बसलेल्या जंतूंच्या पेशींतलंही पाणी मीठ असंच ओढून घेतं, म्हणून लोणचं वर्षभर टिकतं.

टॉर्चमधला सेल याच खोलीचा धाकटा भाऊ. व्होल्टा यांनी १८०० मध्ये जस्त आणि चांदी किंवा तांब्याच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे अशी उतरंड रचली आणि पहिल्यांदा सलग वाहणारी वीज मिळाली. पण उतरंडीच्या वजनाने खारं पाणी पिळून बाहेर गळायचं. तेव्हा इंग्लंडच्या क्रुइकशँक यांनी ती आडवी केली. लाकडी पेटीत ठरावीक अंतरावर तांब्या-जस्ताचे पत्रे मेणाने पक्के बसवले आणि पत्र्यांमधल्या कप्प्यांत आम्ल भरलं. पेटीत खरोखरच खोल्या पडल्या. अशी एक खोली म्हणजे सेल आणि खोल्यांची रांग म्हणजे बॅटरी. बॅटरी हा शब्द तोफांच्या रांगेसाठीचा. बेंजामिन फ्रँकलिन यांनी वीज साठवणाऱ्या बरण्या रांगेत जोडल्या तेव्हा तो विजेकडे आणला.

मराठीने या दोन शब्दांची वाटणी आपल्या पद्धतीने केली. आपण बॅटरी म्हणतो ती अख्ख्या टॉर्चला. 'तीन सेलची बॅटरी' हा गावाकडचा प्रयोग विजेच्या शास्त्रालाही धरून आहे, कारण आत तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात. दीड-दीड व्होल्टचे तीन, म्हणून साडेचार व्होल्ट. पाठ्यपुस्तकात यालाच विद्युतघट म्हणतात. शब्द चांगला आहे, पण दुकानात जाऊन दोन विद्युतघट मागणारा माणूस मी पाहिलेला नाही.

संपलेला सेल फोडला की आतलं सगळं समजतं. बाहेरचं भांडं जस्ताचं, तोच ऋण ध्रुव. मधोमध कोळशाची काळी कांडी, जिने लहानपणी अनेकांनी फरशीवर रेघोट्या मारल्या. दोन्हींच्या मध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि ओलसर लगदा. जस्त झिजतं तसे इलेक्ट्रॉन सुटतात आणि दिव्यातून फिरून कांडीकडे येतात. दीड व्होल्टचा हा दाब ठरतो तो पदार्थांच्या जोडीवरून, आकारावरून नाही. म्हणून भिंतीवरच्या घड्याळातला बारका सेल आणि टॉर्चमधला जाडजूड सेल, दोघांचाही दाब दीडच. जाड्याच्या पोटात माल जास्त, तो जास्त दिवस पुरतो. विझत आलेले सेल उन्हात ठेवायची जुन्या घरांतली रीतही निराधार नव्हती. उष्णतेने लगद्यातली हालचाल वाढते, साचलेले अडथळे थोडे मोकळे होतात आणि सेल आणखी काही वेळ ओढतो. नवी ताकद मात्र त्यात भरली जात नाही.

गाडीच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीवर सहा बुचं असतात. एकेका बुचाखाली एकेक सेल, प्रत्येकी दोन व्होल्ट, मिळून बारा. 'एक सेल गेलाय' असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा सहांतली एक खोली मेलेली असते आणि उरलेल्या पाच धडधाकट असूनही गाडी सुरू होत नाही. उलट फोनमध्ये बहुधा लिथियमचा एकच सेल असतो आणि आपण त्याला बॅटरी म्हणतो. रांगच नसताना रांगेचं नाव!

त्या फोनला सेल्युलर म्हणायचं कारण वेगळं आहे. पूर्वी गाडीत बसवलेले फोन होते, पण अख्ख्या शहरासाठी एकच उंच मनोरा असे. त्याच्याकडे मोजक्याच वाहिन्या असत, त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या शहरातही एका वेळी जेमतेम डझनभर माणसं बोलू शकत. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी टिपण लिहिलं की एका दांडग्या मनोऱ्याऐवजी पुष्कळ अशक्त मनोरे उभारावेत. प्रत्येकाने आपल्या छोट्या षटकोनापुरतं बोलावं. असा एकेक षटकोन म्हणजे सेल. आवाज लांब जात नसल्यामुळे एका षटकोनात वापरलेली वारंवारता थोडे षटकोन सोडून पुन्हा वापरता येते. सगळं गणित या पुनर्वापरात आहे. षटकोन का? जागा न सोडता आणि एकमेकांवर न चढता सपाटी झाकणारे समान बाजूंचे आणि समान कोनांचे आकार तीनच आहेत: त्रिकोण, चौकोन, षटकोन. त्यांत वर्तुळाच्या सर्वांत जवळचा षटकोन. मधमाशीलाही कमीत कमी मेणात जास्तीत जास्त जागा त्याच आकारात मिळते.

जमिनीवर हे षटकोन कुठे आखलेले नसतात. डोंगर, इमारती, झाडं त्यांचे आकार वेडेवाकडे करतात. दादरसारख्या गर्दीच्या ठिकाणी सेल काहीशे मीटरचा असतो, माळरानावर काही किलोमीटरचा, आणि जुन्या जीएसएम पद्धतीत त्याची मर्यादा ३५ किलोमीटर होती. चालत्या लोकलमधून बोलताना आपण एका सेलमधून दुसऱ्यात जातो आणि यंत्रणा आपलं संभाषण पुढच्या मनोऱ्याच्या हाती देते. घाटात बोलणं तुटतं ते बहुधा पुढचा हात वेळेवर न मिळाल्यामुळे.

कल्पनेपासून वस्तू हातात यायला पाव शतक लागलं. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी मॅनहॅटनच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना केलेल्या कॉलने ही सेवा सुरू झाली. आपण त्याला मोबाईल म्हणू लागलो. अमेरिकेतले आपले नातेवाईक मात्र 'माझ्या सेलवर कर' म्हणतात.

बाकीचे अर्थ भराभर. एक्सेलच्या पानावरचा एकेक चौकोन म्हणजे सेल, त्याला आपला रकाना पुरेसा आहे. भूमिगत संघटना लहान गटांत काम करत, एका गटाला दुसऱ्याची माहिती नसे, म्हणजे एक पकडला गेला तरी बाकीचे वाचत. त्या गटालाही सेल म्हणत. राजकीय पक्षांचे महिला सेल आणि आयटी सेल, कॉलेजातला प्लेसमेंट सेल ही त्याच शब्दाची उघड्यावर आलेली रूपं. सरकारी मराठीत सीईटी सेल म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष. कक्ष म्हणजे पुन्हा खोलीच, पण पालकांच्या तोंडी सेलच बसला आहे.

विदर्भात आणि नंदुरबारकडे हा शब्द वेगळ्याच काळजीने उच्चारला जातो. सिकलसेल. आशाताई, शाळेतले शिक्षक, आदिवासी पाड्यावरची आजी, सगळे हाच शब्द वापरतात. सिकल म्हणजे विळा. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात दिसलेल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओवलेली असतात. त्यांतलं सहावं बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. पण ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब कांड्या होतात आणि गोल, लवचीक पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. एरवी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून निघणारी पेशी अशा वेळी अडकते आणि मागचं रक्त तुंबतं. हाडं, सांधे, पोट असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्तही कमी पडतं.

आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही दोष आला तरच हा आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक राहतो, बहुधा कसलाही त्रास न होता, आणि गंभीर मलेरियापासून त्याला काहीसं संरक्षणही मिळतं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात पिढ्यानपिढ्या हा दोष टिकून राहिला तो याचमुळे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि त्यासाठी २०४७ हे वर्ष धरलं आहे. आधी बोटातल्या थेंबभर रक्ताची सोपी चाचणी होते. त्यात दोष दिसला की इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे पक्कं कळतं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. म्हणून तिकडचे आरोग्यसेवक लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी रक्ताचा कागद बघायला सांगतात.